हॉलमधली चिलटं: ठाणे, पावसाळा २०२५

१४ जून

यंदा मे संपायच्या आतच पाऊस आला. ग्रिलमधल्या नाजूक कुंड्या त्यामुळे लवकर आत घेतल्या. हॉलच्या खिडकीशी तीन कप्प्यांचा लोखंडी रॅक आहे. वर पीस लिली, फिलोडेंड्रॉन आणि बाटलीतल्या पाण्यात ठेवलेला मनी प्लांट. मधे स्नेक प्लांट आणि झीझी. खाली मिरची-टोमॅटोच्या रोपांचा ट्रे, पुदिना, आणि मातीत खोचलेल्या मनी प्लांटच्या नव्या फांद्या.

चिलटं जूनच्या सुरुवातीपासून दिसतायत. नवऱ्याच्या लॅपटॉपच्या पडद्यावर, चहाच्या कपाच्या काठावर, रात्री ट्यूबलाइटखाली. घरात प्रत्येकाने एकदा तरी डासांचा स्प्रे मारून बघितलाय. दोन दिवस हवा साफ, मग जैसे थे. म्हणून आता लिहून ठेवत काम करायचं: काय केलं, कधी केलं, त्याने काय झालं.

१६ जून

आधी हे नक्की कोण आहेत ते ठरवणं. घरात चिलटं तीन ठिकाणांहून येऊ शकतात: फळांची टोपली, मोरीची जाळी आणि कुंड्या.

ओट्यावर वाटीत व्हिनेगर आणि भांड्याच्या साबणाचा थेंब. रात्रभरात एक चिलट, तेही लाल डोळ्यांचं आणि गुबगुबीत, म्हणजे केळ्यांवरचं. मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी उलटी लावून ठेवली. सकाळी पट्टी कोरी. मोरीतली माशी तशीही ओळखू येते, तिचे पंख केसाळ असतात आणि ती भिंतीवर छोट्या पतंगासारखी बसते. तिसरी चिकटपट्टी पीस लिलीच्या कुंडीवर, मातीपासून दोन बोटं वर, चिकट बाजू खाली. तिच्यावर सकाळी सात.

मोबाइलला दहा रुपयांच्या भिंगाची जोड देऊन फोटो काढले. काळपट, जेमतेम तीन मिलिमीटर, पाय लांब, मिशा लांब आणि मण्यांच्या. पंखाच्या टोकाकडे एक शीर इंग्रजी वाय अक्षरासारखी फुटलेली. ही फंगस नॅट, सियारिडी कुळातली. घरातल्या कुंड्यांत बहुतेक वेळा ब्रॅडिसिया जातीच्या असतात.

आईंना (सासूबाईंना) सांगितलं की ह्या चावत नाहीत, डेंग्यूशी संबंध नाही. त्यांचा विश्वास बसेना. महापालिकेचे लोक कुंड्यांखालच्या ताटल्या तपासून जातात, त्यामुळे कुंडी म्हणजे डास हे समीकरण डोक्यात पक्कं आहे. डासाच्या अळीला साचलेलं पाणी लागतं, हिला ओली माती. पण ताटल्या रिकाम्या करणं दोन्हींसाठी बरोबरच, म्हणून त्या मी वाद न घालता घासून काढल्या. नुसतं पाणी ओतून भागत नाही, डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कोरड्या ताटलीला चिकटून महिनोन् महिने टिकतात.

१९ जून

उडणारी माशी आठवडा-दहा दिवस जगते. तेवढ्यात एक मादी शे-दोनशे अंडी मातीच्या भेगांत घालून जाते. आपल्याकडच्या उन्हाळी-पावसाळी तापमानात अंडं ते माशी हा प्रवास तीन आठवड्यांच्या आसपास आटोपतो, आणि त्यातला बराचसा काळ अळीचा. म्हणजे स्प्रेने मरते ती पिढी तशीही मरणारच होती, खरी वस्ती मातीत.

अळ्या बघायचा सोपा उपाय म्हणजे बटाटा. सालं काढून बोटभर जाड चकत्या केल्या आणि प्रत्येक कुंडीत मातीला घट्ट टेकवून ठेवल्या. आई म्हणाल्या, "अगं, रोपांना नैवेद्य दाखवतेस का?"

२२ जून

चकत्या उलटल्या. पीस लिली: खालची बाजू वळवळत होती. पारदर्शक पांढऱ्या अळ्या, पोटातली काळी माती बाहेरून दिसते, डोकं काळं चकचकीत. फिलोडेंड्रॉन: थोड्या. रोपांचा ट्रे आणि मनी प्लांटच्या फांद्या: भरपूर. पुदिना: थोड्या. स्नेक प्लांट, झीझी: एकही नाही. ह्या दोघांना महिन्यातून एकदा पाणी मिळतं, आणि त्यांची माती दोन वर्षं जुनी आहे.

अळ्या असलेल्या सगळ्या कुंड्यांत मे महिन्यात एकाच पोत्यातलं मिश्रण भरलंय, गांडूळखत आणि कोकोपीटचं तयार पोतं. खालचं अर्धं अजून बाल्कनीत, तोंड नीट न बांधलेलं. संशय पोत्यावर आहे. पण ओल्या कुंड्यांत माश्या बाहेरून येऊनही अंडी घालू शकतात. त्यामुळे हे तपासल्याशिवाय पोतं दोषी धरता येत नाही.

२४ जून

लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्या घेतल्या. क मध्ये पोत्यातलं मिश्रण, खालच्या थरातलं, तसंच ओलं करून. ख मध्ये तेच मिश्रण, उकळतं पाणी ओतून, झाकून थंड केलेलं. ग मध्ये स्नेक प्लांटच्या कुंडीतली जुनी माती, ओली करून. तिघींच्या तोंडाला जुन्या ओढणीचं दुपदरी कापड, रबर लावून. कापडाच्या आत छोटा पिवळा चिकट तुकडा. आता वाट बघायची.

२८ जून

पिवळे चिकट सापळे कृषी सेवा केंद्रातून आणले. पांढऱ्या माशीसाठी शेतकरी जे मोठे पिवळे पत्रे लावतात तेच, कात्रीने पत्त्यांएवढे कापले. निळे घेऊ नयेत, ते फुलकिड्यांसाठी. सापळा उभा टांगण्यापेक्षा मातीच्या लगत आडवा ठेवला की जास्त अडकतात, कारण ही माशी उडण्यात अगदीच लेचीपेची. मातीवर धावते जास्त, उडते कमी.

सापळ्याने प्रश्न सुटणार नाही हे माहीत आहे. सापळा माझी मोजमापाची फूटपट्टी आहे. पीस लिलीवरच्या एकाच पत्त्यावर दर शनिवारी मोजायचं, बाकीचे नुसते पकडण्यासाठी.

२९ जून

खालच्या कप्प्यातल्या सापळ्याला रात्री पालीचं पिल्लू चिकटलं. चिकटलेल्या चिलटांवर ताव मारायला आलं असावं. गोडेतेल कापसाने लावत लावत एकेक पाय सोडवला. दहा मिनिटं लागली, पिल्लू शेपटीसकट गेलं. आता सगळ्या सापळ्यांवर स्ट्रॉबेरीच्या प्लास्टिकच्या जाळीदार डब्या उलट्या घातल्यात. चिलटं आत जातात, पाली-कोळी नाहीत. घरातल्या उडीमार कोळ्यांना तर मी मदतनीस समजते, त्यांना चिकटवून मारणं परवडणारं नाही.

५ जुलै

शनिवारची मोजणी: ३८.

मिरचीची रोपं कोलमडायला लागली. देठ जमिनीलगत पाण्यासारखा मऊ, मग रोप आडवं. एक उपटलं तर मुळांचे बारीक तंतू गायब. अळ्यांचं मुख्य खाणं बुरशी, शेवाळ आणि कुजकी पानं. पण कोवळी मुळं मिळाली तर त्या सोडत नाहीत. शिवाय पिथियमसारखी मर आणणारी बुरशी एका रोपातून दुसऱ्यात नेतात. मोठ्या पीस लिलीला ह्याचं फारसं काही वाटत नाही, तिची पानं ताठ आहेत. रोपांना आणि नव्या फांद्यांना मात्र हा जिवावरचा खेळ. टोमॅटो अजून उभे आहेत.

६ जुलै, आषाढी एकादशी

आज तुळशीपाशी उभं राहून लक्षात आलं की रॅकमधल्या कुंड्यांना पाणी सोडून बरंच काही मिळतं. तांदळाचं धुवण रोज सकाळी. डाळीचं पाणी. केळ्याची सालं भिजवलेलं पाणी. हे सगळं आईंच्या हातून, आणि प्रेमाने. कढीपत्त्याला ताक तर ठरलेलंच.

"आई, धुवण आतल्या कुंड्यांना नको घालूया काही दिवस. त्यावर बुरशी धरते आणि अळ्या तीच खातात."

"मग ओतून देऊ का मोरीत? चाळीस वर्षं घालतेय मी. आणि कढीपत्त्याला ताक घातल्याशिवाय वास येत नाही, हे तुझ्या मोबाइलला विचार."

तोडगा: धुवण आणि ताक ग्रिलमधल्या बाहेरच्या कुंड्यांना. तिथे वारा आहे, ऊन आहे, आणि चिलटं झाली तरी हॉलमध्ये फारशी येत नाहीत. आत फक्त नळाचं पाणी. कढीपत्ता बाहेरच असतो, त्यामुळे तह लगेच झाला.

१२ जुलै

मोजणी: ५२. धुवण बंद करूनही वाढली. आत्ताच्या माश्या ही तीन आठवड्यांपूर्वीच्या अंड्यांची कमाई आहे, त्यामुळे लगेच घट दिसायची नाहीच.

बरणी क मध्ये आज पिवळ्या तुकड्यावर दोन आणि कापडाच्या आतल्या बाजूला एक. ख आणि ग मध्ये काही नाही. आणखी आठवडाभर ठेवणार, पण मला पुरेसं कळलं. पोत्यातच अंडी किंवा अळ्या होत्या. मिश्रण अर्धं कुजलेलं, ओलं, उघड्यावर साठवलेलं. नर्सरीतून घरी आलं तेव्हाच ती वस्ती बरोबर आली असावी. पोतं तिथे ओलं झालं की आधीच, ते सांगता येणार नाही.

१३ जुलै

"वरची माती सुकू द्या" हा पहिला सल्ला सगळीकडे मिळतो. बरोबरच आहे, अळ्या वरच्या दोन-तीन इंचांत राहतात आणि माती कोरडी झाली की मरतात. पण हा सल्ला देणाऱ्यांच्या घरात हीटर चालतो. मुंबई-ठाण्यात एकट्या जुलैत ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे धुतलेला टॉवेल दोन दिवसांत वाळत नाही, तर सावलीतलं कोकोपीट काय वाळणार. पीस लिलीला गेले काही दिवस पाणी नाही. आइस्क्रीमची काडी खोचली तर टोक ओलंच. आणि कोकोपीट फसवं आहे, वरचा पापुद्रा फिकट होतो, अर्ध्या इंचाखाली स्पंज भिजलेला.

त्यामुळे पाणी कमी करणं हा आपल्याकडे पावसाळ्यात अर्धाच उपाय. उरलेला अर्धा म्हणजे वारा आणि मातीची रचना. आजपासून रॅकसमोर टेबलफॅन, हळू वेगावर, दिवसा. मातीचा पृष्ठभाग सुकतो आणि माश्यांना उतरताच येत नाही. कुंड्यांचा अंदाज बोटाने नाही, उचलून घ्यायचा. हलकी लागली तरच पाणी.

१५ जुलै

साताऱ्याकडच्या मामेभावाला फोन. तो धिंगरी अळिंबीची छोटी शेड चालवतो. मी वर्णन सुरू केलं तसा हसला. "ताई, तुझ्या हॉलमध्ये ती पाहुणी आहे. माझ्याकडे ती माल खाते."

अळिंबीवाल्यांची ही जुनी वैरीण, ते तिला सियारिड माशी म्हणतात. अळिंबी म्हणजे शेवटी बुरशीच, तेव्हा अळ्यांना आयतं ताट. त्या बुरशीचे तंतू खातात, मग देठात शिरतात, आणि आत बोगदे पडलेला माल बाजारात उभा राहत नाही. त्याचा सगळा भर माशी आत येऊच न देण्यावर: झरोक्यांना बारीक जाळी, दाराला दुहेरी पडदा, काढणी झालेलं भुसकट शेडपासून लांब. रात्री पिवळा बल्ब आणि त्याच्याखाली तेल लावलेला पिवळा पत्रा. औषध जवळजवळ नाहीच, कारण बुरशी वाढवायची आणि बुरशीतली माशी मारायची ह्यात औषध कोणाला लागेल ह्याचा भरवसा नाही.

त्याने विचारलं, "जुनं भुसकट कुठे आहे तुझं?" म्हणजे उरलेलं पोतं. ते अजून बाल्कनीतच होतं. फोन ठेवून आधी ते दोन काळ्या पिशव्यांत घट्ट बांधलं.

१८ जुलै

बीटीआयच्या शोधात. पूर्ण नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस. १९७६ मध्ये नेगेवच्या वाळवंटातल्या एका डबक्यात मेलेल्या डासअळ्यांमध्ये हा जिवाणू सापडला. डास, काळी माशी आणि फंगस नॅट ह्यांच्या अळ्यांवर चालतो. अळीने तो खाल्ला की त्यातला स्फटिक तिच्या आतड्यात विरघळतो आणि आतडं फाटतं. माणसाच्या पोटात आम्ल असतं, तिथे तो चालत नाही.

कृषी केंद्रातल्या भाऊंनी "बीटी आहे की" म्हणून डबा पुढे केला. लेबलवर कुर्स्टाकी.

"भाऊ, हे बोंडअळीचं. मला माशीच्या अळीचं हवंय."

"ताई, अळी ती अळी."

तसं नाही. कुर्स्टाकी पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांवर चालतं, माशीच्या अळीला त्याचं काही होत नाही. भारतात इस्रायलेन्सिस डासअळीनाशक म्हणून मिळतं, त्याचा एक वाण तर पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरनेच तयार केला. शेवटी डासांसाठीची पावडर ऑनलाइन मागवली. कुंडीसाठी वापरणाऱ्याने डब्यावरचं नाव पूर्ण वाचावं, नुसतं बीटी नाही.

२० जुलै

पहिला हप्ता. पावडर पाण्यात ढवळून, नेहमीच्या पाण्याऐवजी, वरून. ह्या एका बाबतीत खालून पाणी देऊन चालत नाही, कारण औषध वरच्या दोन इंचांत पोचलं पाहिजे. मातीत ते फार टिकत नाही, म्हणून दर आठवड्याला. अंडी, कोष आणि उडणारी माशी ह्यांच्यावर शून्य परिणाम, त्यामुळे निदान एक पूर्ण पिढी संपेपर्यंत चालू ठेवावं लागेल.

पुदिना ह्यातून वगळला. खायचा आहे, आणि डब्यावर खाण्याच्या रोपांबद्दल काही लिहिलेलं नाही. पुदिना मुळासकट काढला, मुळं धुतली, उकळतं पाणी ओतून थंड केलेलं मिश्रण भरून पुन्हा लावला. काही दिवस रुसेल.

२६ जुलै

मोजणी: ४७. आई दर दोन तासांनी सापळा बघतात आणि मला आकडा सांगतात.

इतर घरगुती उपाय ह्या आठवड्यात उरकले. हळद: मनी प्लांटच्या एका कुंडीवर जाड थर, शेजारची तशीच. बटाट्याच्या चकतीखाली दोन्हीकडे सारख्याच अळ्या. निंबोळी पेंड: शेतात उत्तम, पण ओल्या सावलीतल्या कुंडीवर पसरली तर तिसऱ्या दिवशी तिच्यावरच पांढरी बुरशी. खरवडून टाकली. हायड्रोजन पेरॉक्साइड: चकतीवरच्या अळ्यांवर घातलं, फेस आला, मेल्या. काम करतं, पण ते मातीतलं सगळंच जाळतं, चांगलंही. परदेशी कृतींत ३ टक्क्यांचं द्रावण धरून एकास चार पाणी सांगतात. आपल्या औषधाच्या दुकानातली बाटली सहसा ६ टक्क्यांची असते, तेव्हा एकास नऊ. मी मिरचीच्या ट्रेसाठी एकदाच वापरलं आणि कपाटात ठेवून दिलं.

२ ऑगस्ट

मोजणी: २९. पहिल्यांदा खरी घट.

वाळूचा थर घालायला घेतला. जाड, धुतलेली, दोन सेंटिमीटर. बारीक वाळू ओली झाली की पापडी धरते, म्हणून बांधकामाची क्रश सँड चाळून वरचा जाड भाग घेतला. वाळूतून पाणी लगेच खाली उतरतं, वर कोरडं राहतं, मादीला अंडी घालायला ओल मिळत नाही. तोटा एकच: खाली किती ओल आहे ते दिसत नाही. उचलून बघण्याची सवय आधी लावली ते बरं झालं.

फिलोडेंड्रॉनवर वाळू घातल्यानंतरही त्याच्या आसपास माश्या. रात्री टॉर्च घेऊन बसले तेव्हा कळलं, कुंडीच्या तळच्या भोकांतून येतायत. वर दार बंद केलं की मागच्या दाराने. कुंडी आडवी करून भोकांवर ओढणीच्या कापडाचे तुकडे चिकटवले. पाणी निघतं, माशी नाही.

९ ऑगस्ट

मोजणी: ११. बटाट्याची फेरी पुन्हा: पीस लिली दोन अळ्या, ट्रे शून्य, फांद्या शून्य. बीटीआय चालू.

१९ ऑगस्ट

कालपासून मुंबई-ठाण्यात पावसाने कहर केलाय. गाड्या बंद, नवरा घरूनच काम करतोय. ग्रिलमधल्या कुंड्यांत पाणी तुंबलं म्हणून तुळस, मोगरा आणि कढीपत्ता आत घ्यावे लागले. कढीपत्ता, म्हणजे दोन महिने ताक प्यायलेला. त्याला रॅकपासून लांब, न्हाणीघराच्या दारापाशी वेगळं ठेवलं आणि त्याच्यावर स्वतंत्र सापळा. आईंनी हे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत.

२१ ऑगस्ट

कढीपत्त्याच्या सापळ्यावर सहा. पीस लिलीवर दोन. पाऊस ओसरताच कढीपत्ता बाहेर.

३० ऑगस्ट

घरात गणपती, पाहुण्यांची वर्दळ. मोदकांवर एकही चिलट नाही, हे आईंनी तीन जणांना सांगितलं आणि श्रेय पंख्याला दिलं. पंख्याला थोडं श्रेय आहेच. मोजणी: ४. बीटीआयचा शेवटचा हप्ता गेल्या रविवारी दिला.

टोमॅटोची वाचलेली रोपं बाहेरच्या मोठ्या कुंडीत गेली. मिरची पुन्हा पेरावी लागेल, पण आता पोत्यातल्या मिश्रणात नाही.

२१ सप्टेंबर

मोजणी तीन आठवडे ० ते २ च्या दरम्यान. पूर्ण शून्य होणार नाही, खिडकी उघडी असते आणि खाली सोसायटीची बाग आहे. दोन असल्या तर मी हात लावणार नाही.

आतल्या कुंड्यांसाठी नवं मिश्रण ठरवलं: लाल माती दोन भाग, जाड वाळू एक भाग, कोकोपीट एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत अर्धा भाग. खताला वास येत असेल किंवा त्यात पानाचा आकार ओळखू येत असेल तर ते कुजलेलं नाही, घ्यायचं नाही. कोकोपीटचं प्रमाण नर्सरीवाल्यांपेक्षा बरंच कमी. त्यांना कुंडी हलकी हवी असते, वाहतुकीसाठी. मला पावसाळ्यात निथरणारी हवी.

४ ऑक्टोबर

काळ्या पिशव्यांत बांधलेलं ते अर्धं पोतं गच्चीवर नेलं. ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलंय. मिश्रण ओलं करून चार इंचांचा थर पसरला, वर पारदर्शक प्लास्टिक, कडा विटांनी दाबल्या. पारदर्शकच हवं, काळ्यापेक्षा त्याखालची माती जास्त तापते. चार आठवडे ठेवणार, मधे एकदा वरखाली करणार. नंतर त्यातलं ओंजळभर बरणी क मध्ये, कापड बांधून, तीन आठवडे. काही निघालं नाही तर बाहेरच्या जास्वंदीला. निघालं तर कढीपत्त्याला, तो असाही ताकावर आहे.